चार व्यवसाय आणि भांड्यांवरची नावे : नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

दहावी-बारावीच्या मुलांना पुढचा अभ्यासक्रम निवडताना मार्गदर्शन करणे हे माझे गेल्या चौदा वर्षांचे काम आहे. या काळात पालकांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली म्हण ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही आहे. मुलगी चित्रे काढते, मध्येच हार्मोनियमच्या क्लासला जाऊ लागते, वर्षभराने तिला बंद पडलेली यंत्रे उघडून पाहावीशी वाटतात. आणि हिचे पुढे कसे व्हायचे, असे आईवडील काळजीने विचारतात. उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी माझी थोरली मावशी येते. तिने पस्तीस वर्षांत एकामागून एक चार व्यवसाय केले आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती लहानपणीच्या छंदाकडे परतली. तिची हकीकत मी मुलांना अनेकदा थोडीथोडी सांगितली आहे. परंतु अशी सांगितली की ती फार गोड होते आणि तिच्यातला तोटा गळून पडतो, म्हणून ती येथे सलग मांडत आहे.

या लेखनासाठी मावशीशी वर्षभर सवडीने झालेली बोलणी, तिने जपून ठेवलेली नेमणूकपत्रे व पीएफच्या पावत्या आणि तिची नोंदवही एवढ्याच साधनांचा उपयोग केला आहे. तिच्या इच्छेनुसार तिचे आणि तिने काम केलेल्या संस्थांचे नाव दिलेले नाही. मी तिची सख्खी भाची असल्यामुळे अलिप्त असल्याचा दावा करत नाही. जेथे तिचे आणि माझे मत जुळत नाही, तेथे तसे सांगितले आहे.

ओट्यावरची अक्षरे

मावशीचा जन्म १९६५ सालचा, जुन्या नाशकातला. नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली आहेत. आजोबा भांडी बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून, गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या भांड्यावर छिन्नी-हातोडीने नाव घालून देत असत. लग्नातला हंडा, रुखवतातली परात, बारशाचा वाटी-चमचा, देवळाला दिलेली समई अशा प्रत्येक वस्तूवर कोणी, कोणाला, कशानिमित्त आणि कोणत्या तारखेला दिली, हे मोजक्या शब्दांत घालावे लागे. आजोबा मजकूर आधी आखून घेत नसत. भांड्याच्या काठाची गोलाई नजरेने मोजत, अक्षरे मनात मोजत आणि ‘चि. सौ. कां.’ पासून तारखेपर्यंतचा मजकूर बरोबर एका वळणात बसवत. शेवटचे अक्षर दाटीने बसवावे लागले, तर तो दिवस त्यांना वाईट जाई.

मावशी शाळा सुटल्यावर त्यांना चहा पोहोचवायला जाई आणि तेथेच बसून राही. आठव्या-नवव्या वर्षी तिला टाकाऊ झाकणांवर आकडे घालायला मिळाले आणि पुढे काही वेळा गिऱ्हाइकाच्या भांड्यावर तारीख घालण्याचे कामही मिळाले. शिरोरेषा आधी ओढायची नाही, अक्षरे बसल्यावरच ती टाकायची, हा आजोबांचा नियम ती आजही सांगते. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली, त्यांच्यापाठोपाठ नावे घालायचे विजेचे यंत्र आले आणि आजोबांनीही ते घेतले. यंत्राने काम भराभर होऊ लागले, पण अक्षराचा जाड-बारीकपणा नाहीसा झाला. हाती असलेला व्यवसाय आपल्या डोळ्यांदेखत बदलू शकतो, याचा अनुभव मावशीला स्वतः कमावू लागण्याच्या कितीतरी आधी घरातच आला होता आणि तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करताना मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

शाळेत तिने चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय परीक्षा दिल्या आणि दुसरीत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली. चित्रकलेच्या सरांनी तिला कलाशाळेत घालण्याविषयी आजोबांची भेट घेतली होती. घरात पाच भावंडे होती आणि ओट्यावरची मिळकत घटत चालली होती, त्यामुळे तो विषय एका संध्याकाळीच मिटला. मधल्या काळात तिने दोन वर्षे हार्मोनियमही शिकून पाहिली.

सातपूर

१९८१ मध्ये तिने आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा यंत्रभागांची ड्रॉइंग काढायला शिकवणारा दोन वर्षांचा ट्रेड घेतला, त्यानंतर अप्रेंटिसशिप केली आणि १९८५ मध्ये सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ती रुजू झाली. कलाशाळा हुकल्याचे दुःख तिला या काळात जाणवत होते का, असे मी तिला सरळ विचारले होते. ती म्हणाली, “अगं, रेघ ओढायचे पैसे मिळत होते. मला आणखी काय हवं होतं?”

हे उत्तर मी आधी समजूतदारपणाचे मानले होते. आता मला ते शब्दशः खरे वाटते. त्या कामात ड्रॉइंग बोर्ड, ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर आणि वेगवेगळ्या जाडीची रोट्रिंग पेने होती. बाह्यरेषा जाड, मापांच्या रेषा बारीक आणि मध्यरेषा तुटक, असा भाषेच्या व्याकरणासारखा काटेकोर नियम होता, आणि शाई चुकीची पडली तर ती ब्लेडने इतक्या हलक्या हाताने खरवडावी लागे की कागदाला लव सुटू नये. मूळ ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट, म्हणजे नक्कल, काढली जाई आणि त्या खोलीतून आलेल्या माणसाच्या कपड्यांना तो उग्र वास दिवसभर येत राही. मावशीच्या ट्रेसिंगवरील अक्षरे इतकी एकसारखी असत की इतरांच्या ड्रॉइंगची शीर्षकेही तिच्याकडून लिहून घेतली जात.

या नऊ वर्षांत तिने स्वतःसाठी एकही चित्र काढले नाही. वेळ नव्हता, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण असते आणि १९८८ मध्ये लग्न होऊन पुढे मूल झाल्यावर वेळ खरोखरच कमी होता. परंतु लग्नापूर्वीच्या तीन वर्षांतही तिने काही केले नव्हते. नोकरीतच हाताची आणि डोळ्यांची ती भूक रोज भागत असल्यामुळे छंदाला वेगळी जागा उरली नव्हती, असा माझा निष्कर्ष आहे. माझ्याकडे येणारे पालक छंद बंद पडला की तो मेला असे समजतात, म्हणून हा मुद्दा नोंदवून ठेवावासा वाटतो.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे सॉफ्टवेअर, आले. सात जणांच्या विभागात दोन संगणक आले, दोन तरुण मुलांना त्यांचे प्रशिक्षण मिळाले आणि मावशीची बदली स्टोअरमध्ये झाली. तेथे सहा महिने काढून १९९४ मध्ये तिने राजीनामा दिला.

घरातला डीटीपी, द्राक्षे आणि ग्रंथालय

पीएफची सर्व रक्कम काढून आणि पतसंस्थेचे कर्ज घेऊन तिने संगणक व लेझर प्रिंटर घेतला आणि इंदिरानगरच्या घरात पुढच्या खोलीत डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईसाठी तयार करण्याचे, काम सुरू केले. ज्या यंत्रामुळे पहिली नोकरी गेली, त्याच्याचसमोर ती स्वतःहून जाऊन बसली, हे मला तिच्या सर्व निर्णयांपैकी सर्वांत धाडसाचे वाटते. पानांची मांडणी करण्याचे पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठीचे श्री-लिपी ही सॉफ्टवेअर ती स्वतःच शिकली. लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळीतली शुभेच्छापत्रे अशी कामे येत असत. मजकूर बटर पेपरवर छापून स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे द्यायचा, अशी पद्धत होती. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होई आणि ती पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरे. २००३ च्या सिंहस्थात तर रात्री दोन-दोनपर्यंत काम चाले.

येथे अक्षर पुन्हा तिच्या आयुष्यात आले, पण ते तयार साच्यातले अक्षर होते. कोणत्या फाँटमध्ये ‘ळ’ची गाठ बिघडली आहे, कोणत्या फाँटमधला रफार मागच्या मात्रेवर चढतो, कोणत्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत आणि कोणत्यात हिंदी वळणाचे, हे तिला तोंडपाठ झाले होते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वापरावेत, असे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितले. मावशी त्याच्या दहा वर्षे आधीपासून गिऱ्हाइकांशी त्यासाठी वाद घालत होती. बारा वर्षांत तिचा डोळा विलक्षण तयार झाला. हात मात्र माउसवरच राहिला आणि त्याची अस्वस्थता तिच्यात वाढत गेली, हे घरातल्या सर्वांना दिसत होते. दरम्यान गल्लोगल्ली संगणक आले, फ्लेक्स आले, पानामागचा दर उतरला आणि २००६ मध्ये तिने काम बंद केले.

याच काळात तिने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातले होते. १९८९ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ नाशिकजवळ गोवर्धन येथे आहे आणि बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीपर्यंत जाता येत असे, ही त्याची तेव्हाची सोय नाशिकच्या कितीतरी बायकांनी वापरली आहे. डीटीपीची कामे सांभाळून मावशी २००७ मध्ये बी.ए. झाली आणि दोन वर्षांनी तिने ग्रंथालयशास्त्राची पदवीही घेतली.

मधले तीन हंगाम तिने पिंपळगाव बसवंतच्या बाजूला निर्यातीची द्राक्षे पेट्यांत भरणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये गुणवत्ता तपासणीचे काम केले. मण्यांचा आकार, ब्रिक्स (रसातल्या साखरेचे प्रमाण), घडातले खराब मणी काढणे, पेटीत सल्फरचा पॅड नीट बसला आहे की नाही हे पाहणे, असे ते काम होते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली, पॅकहाऊसचे काम ठप्प झाले आणि मावशीचेही संपले. त्यानंतरची दोन वर्षे तिने सासूबाईंच्या आजारपणात घरी काढली. २०१२ च्या जूनमध्ये ती एका खासगी शाळेत ग्रंथपाल म्हणून लागली आणि २०२० पर्यंत तेथे राहिली.

तिच्या चारही व्यवसायांचे धागे शेवटी कसे सुंदर जुळले, असे म्हणण्याचा मोह मला होतो आणि तो मी आवरते. द्राक्षांच्या कामाचा तिच्या छंदाशी काहीही संबंध नव्हता. ते पैशासाठी केले, इमानाने केले आणि संपले. माणसाच्या प्रत्येक वर्षाने पुढच्या वर्षासाठी काही साठवलेच पाहिजे, ही अपेक्षा मुलांवर फार ओझे टाकते.

धरसोडीचा आरोप

नातेवाइकांत मावशीची ओळख ‘हिचे एकात मन रमत नाही’ अशी होती. माझी आईही तसे म्हणत असे. कागदपत्रे समोर ठेवून पाहिली, तर मात्र चित्र वेगळे दिसते. ड्रॉइंग ऑफिस ऑटोकॅडमुळे सुटले, डीटीपी घसरत्या दरांमुळे बंद पडले, पॅकहाऊस निर्यातीच्या अडचणीमुळे थांबले आणि शाळेची नोकरी महामारीच्या वर्षात पगार निम्मा झाल्यावर गेली. चारांपैकी एकही काम तिने कंटाळून सोडलेले नाही. बाहेरच्या बदलांची किंमत तिने मोजली आणि त्याचा दोष तिच्या स्वभावाला लागला. तिची निवड दिसते ती प्रत्येक वेळी पुढे काय घ्यायचे यात, आणि द्राक्षांचे काम वगळले तर प्रत्येक वेळी तिने अक्षर, रेघ किंवा पुस्तक यांच्याजवळचेच काम घेतले.

अशा प्रसंगी नाशिकमध्ये दादासाहेब फाळके यांचा दाखला हमखास दिला जातो आणि तो चुकीचा नाही. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, छपाईच्या धंद्यात ते शिरले आणि बाहेर पडले, जादूचे प्रयोगही त्यांनी केले, आणि त्यानंतर १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मावशीला ही माहिती आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात ती शाळेच्या सहली घेऊन गेली आहे आणि फाळकेही ड्राफ्ट्समन होते, हे ती मुलांना आवर्जून सांगत असे.

तरीही पालकांचे समाधान करताना मी हा दाखला देत नाही. शेवट ठाऊक असल्यामुळे फाळक्यांच्या छायाचित्रणाला, छपाईला आणि जादूला आपण आज तयारी म्हणतो; १९१० साली त्यांच्या शेजाऱ्यांना शेवट ठाऊक नव्हता. ज्यांच्या आयुष्यात असा १९१३ येत नाही, त्यांच्या बदलांनाही काही अर्थ असतो की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि मावशीचे प्रकरण मला त्यासाठीच मोलाचे वाटते. ती प्रसिद्ध झालेली नाही आणि तिला व्हायचेही नाही.

परतणे

२०१८ मध्ये आजी गेल्यावर जुन्या नाशकातले भाड्याचे घर रिकामे करायचे ठरले. माळ्यावर तांब्यापितळेची भांडी होती: दोन हंडे, घंगाळ, बंब, कळश्या, पराती, डबे. भावंडांपैकी कोणाच्याही फ्लॅटमध्ये एवढ्या भांड्यांना जागा नव्हती, म्हणून ती मोडीत घालायचे ठरले. वजन करण्यासाठी भांडी अंगणात काढली, तेव्हा मावशीने एक परात उचलून उजेडात धरली. काठावर आजोबांच्या हातचे अक्षर होते. तिने सगळी मोड दोन दिवस थांबवली.

पहिल्यांदा तिने मोबाइलवर फोटो काढून पाहिले. पितळेवर प्रकाश चमकतो आणि कोरलेले अक्षर त्या चकाकीत बुडते, त्यामुळे फोटो उपयोगाचे नव्हते. मग तिने घरात उरलेला बटर पेपर आणला, तो अक्षरांवर ताणून धरला आणि वरून मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवली. काळसर करड्या पट्टीवर पांढरे अक्षर उमटले, अगदी छिन्नीच्या प्रत्येक टोल्यासकट. दोन दिवसांत तिने एकतीस ठसे घेतले. परात तिने ठेवून घेतली. बाकीची भांडी गेली.

त्यानंतरचे काम हळूहळू वाढत गेले. मावशीच्या मैत्रिणी, शाळेतल्या सहशिक्षिका, सोसायटीतल्या आज्या यांच्याकडची भांडी ती पाहू लागली. गोल पोटाच्या कळशीवर कागदाला चुण्या पडतात, म्हणून तेथे दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापून ठसा घ्यायचा आणि नंतर पट्ट्या जुळवायच्या, ही युक्ती तिला काही कागद वाया गेल्यावर सुचली. खोल कोरलेल्या अक्षरांना पेन्सिल चालते. झिजलेल्या अक्षरांना मेणखडू बरा पडतो, कारण तो खड्ड्यात उतरत नाही. कल्हई केलेल्या भांड्यावर आतल्या बाजूला नाव असेल तर ते बहुधा बुजलेले असते.

प्रत्येक ठशाची नोंद तिच्या वहीत आहे. दाखल क्रमांक, भांड्याचा प्रकार, धातू, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, तारीख, नाव घालण्याची पद्धत हाताची की यंत्राची, आणि भांडे सध्या कोणाकडे आहे, असे रकाने तिने आखले आहेत. ही वही पाहिली की ग्रंथपालाची आठ वर्षे वाया गेली नाहीत, हे सांगावे लागत नाही. ठशांवरून ती पुढे मोठ्या कागदावर बोरूने तीच अक्षरे लिहिते आणि हे लिहिणे म्हणजे तिचा खरा छंद आहे. ठसे हे त्याचे निमित्त. चिमटा काढल्यासारखा दिसणारा ‘श्री’, डाव्या बाजूला जास्त झुकलेला ‘र’, जागा संपल्यामुळे ओळीच्या वर चढलेली वेलांटी अशी वळणे वेगवेगळ्या कारागिरांची आहेत, हे तिला ओळखू येऊ लागले आहे. आजोबांच्या हातची भांडी त्यांच्या आकड्यातल्या ‘५’ वरून ती कोणाच्याही घरात ओळखते. आतापर्यंत अशी अकरा सापडली आहेत.

या परतण्यात मला तीन गोष्टी निर्णायक वाटतात आणि त्या तिन्ही अगदी व्यावहारिक आहेत. काम लहान आणि मोजता येण्यासारखे होते. ‘मी आता कलेसाठी जगणार’ असा संकल्प तिने केला नव्हता, तिला फक्त एकतीस ठसे घ्यायचे होते. कामाला कायमची जागा होती. सातपूरच्या कारखान्याने भंगारात काढलेला ड्रॉइंग बोर्ड तिने पूर्वी विकत घेतला होता, तो गॅलरीच्या खिडकीशी मांडला गेला आणि तेव्हापासून तो कोणी हलवलेला नाही. आणि वेळ ठरलेली होती. शाळा चालू असताना शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी, नंतर मंगळवारीही. मावशी यांपैकी जागेला सर्वांत जास्त श्रेय देते. सामान रोज काढून रोज आवरावे लागले असते तर महिनाभरात सगळे माळ्यावर गेले असते, असे तिचे म्हणणे आहे.

बिघडलेले आठ महिने

२०२० मध्ये शाळेची नोकरी सुटल्यावर घरच्यांनीच, मीही त्यात होते, तिला या अक्षरांतून उत्पन्न काढण्याचा आग्रह केला. एका भेटवस्तूंच्या दुकानदाराला जुन्या वळणात लिहिलेली नावे हवी होती: लग्नाच्या आहेराच्या पाट्या, दारावरच्या नावांच्या फळ्या. मावशीने काम घेतले. दर आठवड्याला वीस नावे, ठरलेल्या मापात, ठरलेल्या तीन वळणांत द्यायची होती. पैसे वेळेवर मिळत होते. दुकानदाराची काही चूक नव्हती.

चौथ्या महिन्यापासून तिने स्वतःची वही उघडणे बंद केले. आठव्या महिन्यात तिने दुकानदाराचे काम थांबवले आणि त्यानंतरही आणखी दोन महिने बोर्डावर कागद लागला नाही. या काळात ती माझ्याशी कमी बोलत असे आणि त्याचे कारण मला फार उशिरा समजले.

माझ्या विषयात यासंबंधी एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवर्गातील मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगण्यात आले. काहींना ते न सांगता नंतर दिले आणि काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या मानाने चित्रांकडे कमी वळत होती. हा प्रयोग मी कार्यशाळांमध्ये कितीदा तरी सांगितला होता, आणि माझ्याच घरात तो घडत असताना तो मला दिसला नाही, याची खंत मला आहे.

येथे एक भेद करावा लागतो आणि त्यावर मावशीचे व माझे एकमत नाही. ड्रॉइंग ऑफिसमध्ये तिला रेघेचेच पैसे मिळत होते आणि तेथे तिचा आनंद आटला नव्हता. मग दुकानदाराच्या पाट्यांनी तो का आटला? माझ्या मते ड्रॉइंग ऑफिसमध्ये रोजच्या कामात शिकण्यासारखे काही शिल्लक होते, पाट्यांमध्ये नव्हते. मावशी वेगळे कारण देते: ट्रेसिंगवरचे अक्षर कंपनीचे होते आणि हे अक्षर आजोबांचे होते, ते विकायला काढल्यासारखे झाले. तिचे कारण पुस्तकात बसत नाही, पण ते माझ्यापेक्षा खरे असावे.

पैशाची बाजू

हे प्रकरण उजळ बाजूनेच सांगितले तर ते खोटे ठरेल, कारण व्यवसाय बदलण्याची किंमत मावशीला पैशांत मोजावी लागली आहे. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि सातपूरची नोकरी त्याआधीच सुटली होती. तेथील पीएफ तर संगणकात गेला. डीटीपी आणि द्राक्षांच्या वर्षांत पीएफ नव्हता. शाळेत पीएफ होता, पण सेवा आठ वर्षांची झाली. या योजनेत दरमहा पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची पात्र सेवा लागते. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असेल तर पेन्शनचा भाग काढून घेता येतो किंवा योजना प्रमाणपत्र घेऊन ती सेवा पुढच्या नोकरीत जोडता येते. मावशीने पैसे काढून घेतले. प्रमाणपत्राविषयी तिला कोणी सांगितले नाही आणि मार्गदर्शक म्हणवणाऱ्या मीही तिला विचारले नाही.

पेन्शनचे सूत्र साधे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर. वेतन बारा हजार आणि सेवा दहा वर्षे धरली, तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून दरमहा सुमारे १,७१४ रुपये मिळाले असते. रक्कम लहान आहे, पण ती जन्मभर मिळाली असती आणि त्यासाठी फक्त दोन वर्षांची आणखी सेवा हवी होती. २०१५ मध्ये आलेली अटल पेन्शन योजना चाळीस वर्षांपर्यंतच्यांसाठी होती. मावशी तेव्हा पन्नाशीला पोहोचली होती. पाच वर्षांच्या सलग सेवेची अट पूर्ण होत असल्यामुळे ग्रॅच्युइटी मात्र तिला दोन्ही नोकऱ्यांत मिळाली.

ही तूट तिला पेलता आली, कारण काकांची, म्हणजे तिच्या यजमानांची, सरकारी नोकरी होती आणि आज त्यांचे निवृत्तिवेतन येते. मावशीच्या जागी एकटी कमावणारी बाई असती, तर १९९४ मध्ये तिने स्टोअरमधली बदली सोडली नसती आणि कदाचित सोडूही नये. मुलांसमोर ही हकीकत सांगताना मी हा भाग आता कधीच वगळत नाही. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाला मी पीएफ न काढता नव्या खात्यात वळवायला सांगते, आणि मावशी शेजारी बसलेली असेल तर तीही तेच सांगते.

सध्या

दुकानदाराचे काम थांबल्यावर मावशीने स्वतःसाठी एक नियम केला आहे. ज्याच्या घरचे भांडे असेल, त्याला ती त्या नावाचा एक कागद लिहून देते आणि त्याचे पैसे घेत नाही, चहा घेते. हार्मोनियमचे काय, असे मी मध्यंतरी विचारले तेव्हा तिने मान हलवली. ती तिला कधी हवीच नव्हती, मैत्रीण जात होती म्हणून ती जात होती. सोडलेल्या सगळ्या आवडींकडे परतायला हवे, असे नसते, हे मला त्या क्षणी नीट कळले.

वहीत आज २३७ नोंदी आहेत. शेवटची नोंद पंचवटीतल्या एका घरच्या तांब्याच्या गडूची आहे. त्यावरचे अक्षर बाळबोध नाही, मोडी आहे आणि चार अक्षरांपलीकडे ते कोणाला लागत नाही. मावशीने त्यासाठी मोडीची मुळाक्षरे गिरवायला घेतली आहेत. रोज सकाळी एक पान, तारीख घालून. मोडीत आधी आडवी ओळ आखतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहितात, म्हणजे आजोबांच्या नियमाच्या नेमके उलट, आणि तिचा हात अजून त्याला तयार होत नाही. नोंद क्रमांक २३७ मधला ‘मजकूर’ हा रकाना तिने पेन्सिलीने चौकट करून मोकळा ठेवला आहे.